तीन सामन्यांवर हिवाळा ठरवू नकोस

सप्रेम आशीर्वाद,

तुझा आराखडा दोनदा वाचला. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये शंभर सामने जिंकलेला संघ प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच मालिकेत ०-३ ने बाहेर पडला, तर हिवाळ्याच्या सुट्टीत, फेब्रुवारीपर्यंत, व्यवस्थापनाने काय करावं, हा प्रश्न तू घेतलास आणि उदाहरण निवडलंस २०२३ च्या लॉस एंजेलिस डॉजर्सचं. निवड उत्तम आहे. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंस की फलंदाजी दडपणाखाली कोसळते, म्हणून आधी फलंदाज बदलावेत. वाट तिथेच चुकली आणि पुढची चार पानं त्या चुकीच्या वाटेने गेली.

त्या मालिकेत मूकी बेट्स आणि फ्रेडी फ्रीमन या दोघांनी मिळून फलंदाजीच्या २१ संधींत (ॲट-बॅट) एकच हिट (बेसवर पोचवणारा फटका) मारला, हे खरं. ॲरिझोनाविरुद्ध तीन सामन्यांत संघाच्या सहाच धावा झाल्या, हेही खरं. पण याच संघाने नियमित हंगामात ९०६ धावा केल्या होत्या आणि हेच दोघे त्या वर्षीच्या एमव्हीपीच्या (सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या) मतदानात दुसरे आणि तिसरे आले. सहा महिन्यांचा पुरावा एका बाजूला, पाच दिवसांचा दुसऱ्या बाजूला. इथे पाच दिवसांचं ऐकायचं नसतं.

आता त्याच मालिकेतली पिचिंग (गोलंदाजी) बघ. पहिल्या सामन्यात क्लेटन कर्शॉने एकच फलंदाज बाद केला आणि सहा धावा दिल्या. दुसऱ्यात बॉबी मिलर दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला. तिसऱ्यात लान्स लिनने एकाच इनिंगमध्ये चार होमरन दिले. तीन स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) मिळून जेमतेम पावणेपाच इनिंग टिकले. हेही तीनच सामने आहेत, मग याला का मानायचं? कारण हे दुखणं ऑक्टोबरच्या आधीच वहीत लिहिलेलं होतं. वॉकर ब्युलर वर्षभर कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. डस्टिन मेची शस्त्रक्रिया जुलैत झाली, टोनी गोन्सोलिनची सप्टेंबरमध्ये. हूलिओ उरियास सप्टेंबरपासून संघाबाहेर होता. कर्शॉचा खांदा दुखावलेला होता आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्यावरही शस्त्रक्रिया झाली. जुलैच्या अखेरीस आणलेल्या लिनने त्या हंगामात एकूण ४४ होमरन दिले.

म्हणून प्रत्येक निष्कर्षासमोर एक प्रश्न लिही: मालिकेत दिसलेलं हे दुखणं एप्रिल ते सप्टेंबरच्या आकड्यांत सापडतं का? सापडलं तर त्यावर पैसा खर्च कर. नाही सापडलं तर तो निष्कर्ष आराखड्यातून काढून टाक, मग चाहते कितीही चिडलेले असोत.

याचं गणित सोपं आहे, स्वतः मांडून बघ. एखादा संघ समोरच्याविरुद्ध प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धर. बेसबॉलमध्ये हा मोठाच फरक आहे. तरी पाचपैकी तीनची मालिका तो ५९ टक्के वेळाच जिंकतो, आणि जवळपास ९ टक्के वेळा सलग तीन हरतो. तीनपैकी दोनच्या वाइल्ड कार्ड मालिकेत (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत) त्याची शक्यता ५७ टक्क्यांवर येते. हे आकडे व्यवस्थापनाच्या बचावासाठी वापरू नकोस. पराभवातून किती शिकता येतं याची मर्यादा ते दाखवतात, त्यांचं काम तेवढंच.

हाच नियम विजयांनाही लावायचा असतो, आणि ते तू अजिबात केलेलं नाहीस. त्याच वर्षी बॉल्टिमोर ओरिओल्सने १०१ सामने जिंकले आणि टेक्साससमोर तेही ०-३ ने गेले. त्यांनी ८०७ धावा केल्या आणि ६७८ दिल्या. एवढ्या फरकातून साधारण ९४ विजय निघतात. उरलेले सात विजय अटीतटीचे सामने आपल्या बाजूने फिरल्यामुळे आले. तसे सामने पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच बाजूने फिरतील, असं धरून हिवाळा आखला तर पायाच कच्चा राहतो. म्हणून १०१ विजयांचा संघ ९४ चा समजून सुरुवात कर.

आता पिचिंगचा हिशेब. तुझ्या तक्त्यात पाच स्टार्टर आहेत आणि प्रत्येकासमोर १८० इनिंग. असं कधीच होत नाही. २०२३ मध्ये संपूर्ण मेजर लीगमध्ये २०० इनिंगचा आकडा फक्त पाच जणांनी गाठला. हिशेब उलटा मांड. १६२ सामने म्हणजे साधारण १,४५० इनिंग. हल्ली स्टार्टर सरासरी पाच इनिंगच्या थोडंच वर टिकतो, म्हणजे स्टार्टरकडून हवेत सुमारे ८४०. प्रत्येक नावासमोर त्याच्या मागच्या तीन वर्षांच्या खऱ्या इनिंग लिही, त्यांची सरासरी काढ, वयाची बत्तीस वर्षं ओलांडलेल्यांची आणखी थोडी कापून घे, मग बेरीज कर. पाच नावांत ती बहुधा ६०० च्या आसपास अडकेल. उरलेल्या २४० साठी सहावा, सातवा, आठवा, नववा पिचर लागतो. त्यातल्या निदान तिघांकडे 'ऑप्शन' शिल्लक हवेत, म्हणजे त्यांना वेव्हरच्या (दुसऱ्या संघाने उचलून नेण्याच्या) धोक्याशिवाय ट्रिपल-ए या खालच्या लीगमध्ये पाठवता येतं आणि परत बोलावता येतं. एका खेळाडूला सहसा तीनच ऑप्शन वर्षं मिळतात आणि एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. टॉमी जॉन (कोपराच्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर परतायला १४ ते १८ महिने धर. तुझ्या तक्त्यात गोन्सोलिन २०२४ च्या जूनमध्ये परतलेला दिसतो. सप्टेंबरच्या शस्त्रक्रियेनंतर ते शक्यच नव्हतं, आणि त्याचं ते वर्ष पूर्ण गेलंही.

सर्वांत मोठी चूक चाळीसच्या यादीत, म्हणजे संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीत आहे. हंगामात ६० दिवसांच्या दुखापत यादीवर असलेले खेळाडू चाळीसमध्ये मोजले जात नाहीत. हिवाळ्यात ती यादीच नसते. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेनंतर पाच दिवसांत ते सगळे चाळीसमध्ये परत येतात. तुझे चाळीस त्या दिवशी पंचेचाळीस होतात, आणि तू मात्र नव्या तिघांसाठी जागा मोकळी धरली आहेस. म्हणून खरेदी नंतर, आधी जागा. कोणाला वेव्हरवर टाकायचं, कोणाला ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) द्यायचं, हे ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवायचं असतं.

त्यानंतरच्या तारखा एकमेकींना बांधलेल्या आहेत. करार संपलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर द्यायची, तर ती वर्ल्ड सिरीजनंतर पाच दिवसांत द्यावी लागते; ती नाकारून तो दुसरीकडे गेला, तर बदल्यात ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) एक निवड मिळते. एका वर्षाच्या या प्रस्तावाची रक्कम सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीवरून ठरते. २०२३ च्या हिवाळ्यात ती २ कोटी ३ लाख २५ हजार डॉलर होती. ज्याला आयुष्यात आधी कधी ती मिळालेली नाही आणि जो पूर्ण हंगाम तुझ्याच संघात होता, त्यालाच ती देता येते. म्हणून जुलैत ट्रेड करून आणलेल्या खेळाडूच्या बदल्यात ड्राफ्टची निवड मिळेल असं तू धरलंस, ते चूक आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर रूल फाइव्ह ड्राफ्टपासून वाचवायचे तरुण खेळाडू चाळीसमध्ये घ्यावे लागतात. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्यांना पाच हंगाम सवलत असते, १९ किंवा त्याहून मोठ्यांना चार. न वाचवलेला खेळाडू दुसरा संघ १ लाख डॉलर भरून नेऊ शकतो, पण त्याला वर्षभर प्रत्यक्ष खेळणाऱ्या २६ च्या संघात ठेवावं लागतं. हे ओझं पिचरच्या बाबतीत पेलता येतं, विसाव्या वर्षीच्या शॉर्टस्टॉपच्या (क्षेत्ररक्षकाच्या) बाबतीत फारसं नाही. जागा कमी असतील तर आधी कोणाला वाचवायचं, ते यातून ठरतं.

आणखी काही दिवसांनी आर्बिट्रेशनला (लवादाकडून पगार ठरवून घेण्याला) पात्र खेळाडूंना प्रस्ताव द्यायचा की सोडायचं, याची मुदत येते. इथे हळवं होऊ नये, पण दारही बंद करू नये. मिलवॉकीने २०२३ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रँडन वुड्रफला सोडलं आणि फेब्रुवारीत दोन वर्षांच्या करारावर परत घेतलं.

आता पैसा. तू फक्त पगारांची बेरीज केलीस. लक्झरी टॅक्ससाठी (संघाचा खर्च ठरलेल्या मर्यादेवर गेला की लागणाऱ्या करासाठी) प्रत्येक कराराची वार्षिक सरासरी मोजतात, त्या वर्षी हातात पडणारा पगार नव्हे. त्यात खेळाडूंच्या विमा-पेन्शनचा प्रत्येक संघाचा वाटा, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर, मिळव. आर्बिट्रेशनपूर्व (त्या टप्प्याआधीच्या तरुण खेळाडूंच्या) बोनस निधीचे जवळजवळ १७ लाखही मिळव. २०२४ ची मर्यादा २३.७ कोटी होती, म्हणजे करारांसाठी खरी जागा २१.८ कोटींच्या आसपास. पहिल्या वर्षी मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के कर, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. मर्यादेच्या वर २ कोटी, ४ कोटी आणि ६ कोटींच्या पायऱ्यांवर अधिभार वाढत जातो. सर्वांत वरच्या पायरीवर, तिसऱ्या वर्षी, प्रत्येक डॉलरमागे १ डॉलर १० सेंट कर. तिथल्या संघाला १ कोटीचा राखीव पिचर २ कोटी १० लाखांना पडतो. तुझ्या प्रत्येक नावासमोर ही खरी किंमत लिही, मग अर्धी नावं आपोआप गळतील. हे नियम ठरवणारा खेळाडू संघटना आणि संघमालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, त्यापुढच्या मर्यादा गृहीत धरू नकोस.

डॉजर्सनी त्या हिवाळ्यात काय केलं, ते या चष्म्यातून पुन्हा वाच. शोहेई ओहतानीचे १० वर्षांचे ७० कोटी सर्वांना माहीत आहेत. पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ दरम्यान बिनव्याजी द्यायचे आहेत, त्यामुळे टॅक्ससाठी तो वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा पडतो. शिवाय कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये तो पिचिंग करणार नव्हता, म्हणजे मूळ दुखण्याला तो उपाय नव्हताच. उपाय होते दोन. पहिला योशिनोबू यामामोतो: वय २५, १२ वर्षांचे ३२.५ कोटी, शिवाय त्याच्या जपानी संघाला पोस्टिंग फी (खेळाडू सोडल्याचा मोबदला). तिचा हिशेब शिकून घे. पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावरच्या रकमेवर १५. म्हणजे ५ कोटी ६ लाख २५ हजार, आणि ही फी टॅक्सच्या हिशेबात येत नाही. दुसरा टायलर ग्लासनाऊ, टँपा बेकडून ट्रेडमध्ये, रायन पेपियॉट आणि जॉनी डिलुका देऊन. त्याने एका हंगामात तोवर १२० पेक्षा जास्त इनिंग कधीच टाकल्या नव्हत्या. २०२४ मध्ये १३४ टाकल्या आणि ऑगस्टनंतर तो खेळला नाही. यामामोतोही जूनपासून सप्टेंबरपर्यंत खांद्याने बाहेर होता. संघ जिंकला, कारण जुलैत जॅक फ्लॅहर्टी आणला आणि बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा) खोल होता. उत्तम पिचर घेऊनही आठवा-नववा लागतोच, हे त्या विजेत्या वर्षातही दिसतं.

मॅनेजर बदलावा, या तुझ्या कलमाला मी एवढंच म्हणेन: २०२२ मध्ये १११ विजयांनंतर आणि २०२३ मध्ये १०० विजयांनंतर पहिल्याच मालिकेत हरूनही त्यांनी डेव्ह रॉबर्ट्सला ठेवलं, आणि २०२४ ला विजेतेपद आलं. बदलायचा तर कारण १६२ सामन्यांतून दे.

ओरिओल्सचा हिवाळा मला जास्त शिकवणारा वाटतो, कारण तो मोजक्या बजेटच्या संघाचा आहे. त्यांनी १ फेब्रुवारी २०२४ ला कॉर्बिन बर्न्स आणला. किंमत: जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टची एक निवड. करार मात्र एकाच वर्षाचा उरलेला. बर्न्सने आपलं काम चोख केलं. वाइल्ड कार्डच्या पहिल्या सामन्यात आठ इनिंगमध्ये एक धाव दिली आणि संघ ०-१ ने हरला. तेवढ्यात काइल ब्रॅडिश, जॉन मीन्स आणि टायलर वेल्स या तिघांचे कोपर गेले होते. पुढच्या हिवाळ्यात बर्न्स सहा वर्षांच्या २१ कोटींवर ॲरिझोनाला गेला आणि त्याच्या जागी पस्तिशीचा तोमोयुकी सुगानो आणि ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन एकेका वर्षासाठी आले. २०२५ ला ७५ विजय. यावरून 'बर्न्सला सोडलं म्हणून बुडाले' असं लिहू नकोस, कारण जून २०२५ मध्ये बर्न्सवरच टॉमी जॉन झाली. चूक कुठे होती ते इनिंगच्या तक्त्यातच दिसतं: वय आणि जुन्या दुखापती धरल्या असत्या तर फेब्रुवारीतच बेरीज कमी पडत होती.

एक गोष्ट आयपीएल बघून वाढलेल्यांना सुटते. इथे लिलाव नसतो. फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) स्वतः संघ निवडतो, म्हणून 'हा आपण घेऊ' असं एका ओळीत लिहिता येत नाही. प्रत्येक जागेसाठी तीन नावं हवीत: हवा तो, चालेल तो, आणि दोघेही नाही म्हणाले तर ट्रेडमध्ये कोणाला मागायचं तो. तिसऱ्यासमोर आपण काय देणार, तेही नावानिशी लिही.

पुढच्या खेपेला मला पूर्ण आराखडा नको. फक्त दोन तक्ते पाठव: ऑक्टोबर अखेरची चाळीसची यादी, प्रत्येकाची मेजर लीगमधल्या सेवेची वर्षं आणि उरलेले ऑप्शन यांसह, आणि नऊ पिचरच्या इनिंगची बेरीज. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, ते दिवसांत लिही. त्या दोन तक्त्यांत किती जागा आणि किती इनिंग कमी पडतात ते ठरलं, की खरेदीच्या नावांवर बोलू.