नाटक मंडळीचं दप्तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावातल्या जुन्या संगीत नाटक मंडळीची हस्तपत्रकं मिळाली आहेत. त्यांवर वार, तारीख, वेळ, दर सगळं आहे; सन मात्र नाही. तो कसा ठरवावा?

हस्तपत्रकाचं आयुष्य आठवडाभराचं, त्यामुळे सन छापायची गरज कुणाला वाटत नसे. पण वार आणि तारीख ही जोडी पुरेशी बोलकी असते. एखादी तारीख पुन्हा त्याच वारी सहसा ५, ६ किंवा ११ वर्षांनी येते. समजा, ‘एकच प्याला’च्या पत्रकावर ‘शनिवार ता. ५ जुलै’ आहे. ५ जुलैला शनिवार १९१३, १९१९, १९२४ आणि १९३० मध्ये होता. हे नाटक रंगभूमीवर आलं फेब्रुवारी १९१९ मध्ये, म्हणजे १९१३ बाद. तिथी छापलेली असेल तर १९२४ लगेच वेगळं पडतं. १९१९ आणि १९३० मध्ये मात्र जेमतेम एक-दोन तिथींचा फरक निघतो, कारण ११ वर्षांनी तिथी पुन्हा जवळपास तिथेच येते. इथे बरेच जण चुकतात. त्या त्या वर्षाचं पंचांग उघडूनच खात्री करा.

मग दर बघा. ‘करमणूक कर वेगळा’ असं काही छापलं असेल तर पत्रक १९२३ नंतरचं, कारण मुंबई इलाख्यात तो कायदा त्या वर्षी आला. नुसता शक दिला असेल तर इसवी सन काढायला गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९.

आणि एक सांगायलाच हवं : पत्रकावरून प्रयोग जाहीर झाला एवढंच कळतं. तो झाला की नाही, हे कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सांगते. त्या रात्रीचं उत्पन्न जमेला नसेल तर ‘झाला’ असं लिहू नका.

प्रश्न : मंडळीच्या कीर्दी मोडीत आहेत. दोन वह्या भिजून पानं चिकटली आहेत. काय करावं?

चिकटलेली पानं ओढू नका, उन्हातही ठेवू नका. कागद आखडतो आणि कडेला तडकतो. सावलीत, पंख्याखाली, वही थोडी उघडी उभी करा. सुट्या झालेल्या पानांमध्ये टिपकागद घाला आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदला. ओल्या फडक्याने पुसणं तर अजिबात नको : बोरूची काजळीची शाई पाणी लागताच पसरते आणि आकडे कायमचे जातात. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन सुटं करता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, पानांना मऊ पेन्सिलने क्रमांक द्या.

वाचनाआधी छायाचित्रण. ३०० डीपीआय पुरे, फोटोंना ६००. कोरी पानंही घ्या, नाहीतर पुढे पान गहाळ आहे की कोरंच होतं, हे कळत नाही. मोडी वाचताना सुरुवात जमेच्या बाजूने करा. तिथे तेच ते शब्द रोज येतात, तेवढ्यात लेखनिकाचं वळण हाताला लागतं. मग खर्चाकडे वळा. रेल्वेचं भाडं, बिऱ्हाडाचं भाडं, गॅसबत्त्या, पेटीवाल्याची बिदागी, पडद्याचा रंग : मंडळी कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेली, किती दिवस राहिली, हे या नोंदींवरून लावता येतं. आठवणींच्या पुस्तकांत ते सहसा मिळत नाही.

प्रश्न : मंडळीच्या स्थापनेची तीन वेगवेगळी वर्षं सांगितली जातात. खरं कोणतं?

तिन्ही खरी असू शकतात. पहिली बैठक, पहिला प्रयोग आणि नोंदणी या तीन वेगळ्या घटना आहेत. तिन्ही स्वतंत्र लिहा. पहिल्या प्रयोगाबाबतही नेमकेपणा हवा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं ते पहिल्या चार अंकांचं. मंडळी फुटली असेल तर माणसांचा माग काढा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. अशा वेळी नाटकांच्या हस्तलिखित नकला, पोशाखाच्या याद्या, फोटो माणसांबरोबर जातात. तुमच्या मंडळीचं हरवलेलं दप्तर दुसऱ्याच मंडळीच्या वारसांकडे विचारून पाहा.