स्वमग्न मुलासाठी शाळा : मधल्या सुट्टीत जाऊन पाहा

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. दुकानांच्या मराठी पाट्या तो भराभर वाचतो, पण बोलतो दोन-तीन शब्दांतच. नावाजलेली इंग्रजी शाळा, घराजवळची मराठी शाळा आणि विशेष शाळा यांपैकी कोणती निवडावी? दहावीच्या दृष्टीने बोर्ड कोणते बरे? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. बोर्डाची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. राज्य मंडळ आणि सीबीएसई या दोन्हींकडे स्वमग्न विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, आणि तो निर्णय घ्यायला अजून बरीच वर्षे आहेत.

आज पाहायचा आहे तो वर्ग. प्रवेशाच्या दिवशी शाळा पाहणे म्हणजे लग्नाच्या मांडवावरून घर पारखणे. म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एखाद्या साध्या मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधी पंधरा मिनिटे जावे आणि सुट्टी संपेपर्यंत थांबावे. पत्र्याच्या छपराखाली घंटा वाजते, साठ डबे एकदम उघडतात, बाके ओढली जातात, आणि आपल्या मुलाने कानांवर हात ठेवले तर त्याला बसायला एखादा शांत कोपरा तिथे आहे का, हे त्या अर्ध्या तासात कळते. मी पाहिलेल्या एका साध्या शाळेत बाईंनी फळ्याच्या कडेला दिवसभराच्या तासांची चित्रे ओळीने काढली होती आणि तास संपला की मुलेच ते चित्र पुसत असत. पुढे काय होणार हे आधी समजले की स्वमग्न मुलाची निम्मी घालमेल थांबते, आणि त्यासाठी खडूखेरीज काहीही लागले नव्हते.

‘पूर्णवेळ शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलासोबत बसणारा मदतनीस, आणाल तरच प्रवेश’ अशी अट घालणाऱ्या शाळेविषयी मात्र सावध राहावे. मदतनीस काही मुलांना लागतो. पण वर्गशिक्षिका मुलाशी स्वतः बोलतच नसतील, तर मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच राहते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश असून, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) काढले नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील ते काम आधी उरकावे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करतानाही ते उपयोगी पडेल.

पाट्या वाचणारा मुलगा मराठीत विचार करू लागला आहे, हे आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. घरची भाषा बदलू नये, मग सल्ला कोणीही देवो. वर्ग तीस-पस्तीस मुलांचा आणि बाई शिकायला तयार असतील, तर घराजवळची मराठी शाळा मी पहिली पाहीन. कपडे, स्वच्छतागृह, सुरक्षितता यांसाठी त्याला सतत एका माणसाची गरज लागत असेल, तर विशेष शाळेत दोन वर्षे घालवण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त तेथील शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, एवढे विचारून घ्यावे.

शाळा कोणतीही ठरो, पहिल्या दिवशी बाईंच्या हाती एक पान द्यावे : त्याला कशाचा त्रास होतो, तो कशाने शांत होतो, आणि लघवीला जायचे असल्यास तो ते कसे सांगतो.