संभाजीनगरात इलेक्ट्रिक कार चार्ज करायला महिन्याला किती खर्च येतो?

तुम्ही विचारलंय की शोरूमवाले किलोमीटरला 1 रुपया सांगतात, ते खरं आहे का. माझ्या घरी ते खरं ठरलं नाही. मी सिडकोत राहतो, नोकरी वाळूजला, जाऊन-येऊन 40 किमीच्या आसपास. 24 युनिटची बॅटरी असलेली लहान गाडी आहे, महिन्याला साधारण 1000 किमी होतात. मला किलोमीटरला सव्वादोन रुपये पडतात, उन्हाळ्यात पावणेतीन.

1 रुपयाचा हिशोब कसा निघतो ते आधी बघा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर सगळ्यात कमी असतो. वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून तो 7 रुपयांच्या आत बसतो. एका युनिटमध्ये गाडी 7-8 किमी जाते, म्हणजे झाला किलोमीटरला रुपया. पण ते पहिले 100 युनिट तुमचा फ्रिज, पंखे आणि पाण्याची मोटर आधीच वापरून बसलेले असतात. गाडीचे युनिट त्यांच्यावर चढतात. म्हणून गाडीची वीज कायम तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने धरा, सरासरी दराने धरू नका. सगळी मेख इथेच आहे.

माझं घर गाडीशिवाय 180 युनिट खातं. 1000 किमीला बॅटरीत 140 च्या पुढे युनिट लागतात, आणि चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर 160 पडतात. त्यातले 120 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात, सगळं धरून अंदाजे 13 रुपयांनी. उरलेले 40 त्याच्या वरच्या टप्प्यात, 17 च्या आसपास. बेरीज 2,200 रुपयांच्या थोडी वर जाते. इंधन समायोजन आकारामुळे (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बिलात होणारी वाढ-घट) महिन्या-महिन्याला थोडा फरक पडतो. मे महिन्यात एसीमुळे घरचाच वापर 300 च्या वर जातो, तेव्हा गाडीचे सगळे 160 युनिट 17 रुपयांनी पडतात. तरी माझी जुनी पेट्रोल गाडी शहरात 14 चं अ‍ॅव्हरेज द्यायची. 105 रुपये लिटरने तेवढ्याच किलोमीटरला 7,500 रुपये लागले असते. त्यामुळे निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही, फक्त आकडा तुम्हाला खरा कळावा असं वाटतं.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला 20 रुपयांच्या आसपास दर आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये पडतात. अंबाजोगाईला गावी जाताना वाटेत मी ते देतो, रोजच्यासाठी नाही. घरी चार्जिंगची सोय होणार नसेल तर पेट्रोलच्या खर्चातले निम्म्याच्या जवळपासच पैसे वाचतात, हे धरूनच गाडी बघा.

आता वायरिंगचं, कारण मी इथे चुकलो. सुरुवातीला जुन्याच 15 अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्ज करायचो. तिसऱ्या आठवड्यात सॉकेट वितळलं. घरात मुलं झोपलेली होती, आजही आठवलं की काळजात धस्स होतं. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) आणि चांगलं अर्थिंग याशिवाय चार्जर लावूच नका. गाडी एकटी 3 किलोवॅटच्या वर ओढते, त्यामुळे मंजूर लोड कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्या. आणि अर्थिंगचं आपल्याकडे उन्हाळ्यात वेगळंच असतं. एप्रिलमध्ये एक दिवस चार्जर लाल दिवा दाखवून थांबला, गाडी काही केल्या चार्ज होईना. वायरमन आला, त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं आणि लगेच चालू झालं. मुरूम वाळला की अर्थिंग कमजोर पडतं. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, म्हणून मी कपडे धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात सोडतो.

रात्री चार्जिंग स्वस्त पडतं असं सगळे म्हणतात. नवा टीओडी मीटर (कोणत्या वेळेला किती वीज वापरली ते मोजणारा) बसला असेल तर घरगुती ग्राहकाला सवलत उलट दिवसा आहे, सकाळी 9 ते संध्याकाळी 5, युनिटला 80 पैसे ते 1 रुपया. गाडी दिवसा घरी उभी राहत असेल तर याचा फायदा घ्या. मला तो रविवारीच मिळतो.

स्वतःचं छत असेल तर सोलरचा विचार नक्की करा. 1 किलोवॅटमागे महिन्याला साधारण 120 युनिट निघतात आणि पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. माझ्यासारखा वापर असेल तर 3 किलोवॅटमध्ये घर आणि गाडी दोन्ही भागतात, मे सोडून. फ्लॅट असेल तर सोसायटीतर्फे चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागा. त्या वर्गवारीत घरगुतीसारखे टप्पे नाहीत, त्यामुळे चार गाड्या लागल्या तरी दर चढत नाही. गाडी बुक करण्याआधी मागच्या वर्षीचं मे महिन्याचं वीजबिल काढून बघा, त्यात किती युनिट आहेत ते इथे कळवलंत तर तुमचा हिशोब मी करून देतो.