हिमनदीच्या तळाशी पाणी वाढले की तिचा वेगही वाढतच जातो का?

बर्फाच्या वजनाने तळाचा बर्फ वितळतो, त्या पाण्यावरून हिमनदी घसरते, म्हणजे उन्हाळ्यात पाणी जितके जास्त तितका वेग जास्त, असे आपण प्रश्नात गृहीत धरले आहे आणि गंगोत्रीलाही हेच लागू पडते का, असे विचारले आहे. यातला वजनाचा भाग मी 1997 सालापासून आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून ऐकत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. मी हिमनद्यांचा अभ्यासक नाही. नागपुरात पाणीपुरवठ्याच्या कामात उभा जन्म घालवून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे, आणि तळाखालच्या पाण्याचा दाब काय करू शकतो हे मी स्वतःच्या अंगणात पैसे मोजून शिकलो आहे.

आधी वजनाचा हिशेब. तीनशे मीटर जाडीच्या बर्फाचा तळावरचा दाब सुमारे 27 बार भरतो. एवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू शून्याखाली उतरतो तो जेमतेम 0.2 अंश सेल्सिअस. शिवाय वितळणबिंदू उतरला म्हणून बर्फ वितळवायला लागणारी उष्णता फुकट मिळत नाही. ती जमिनीच्या पोटातून येते आणि तिच्यावर वर्षाकाठी पाच-सहा मिलिमीटर बर्फ वितळतो. घर्षणाने आणखी थोडी भर पडते. उन्हाळ्यातले खरे पाणी येते ते वरून, पृष्ठभागावर वितळून, भेगांतून आणि विहिरीसारख्या उभ्या विवरांतून थेट तळापर्यंत. हिमनदी वेगाने का घसरते याचे उत्तर या पाण्याच्या दाबात आहे, आणि ते आमच्या साडूंना पटत नाही.

1997च्या उन्हाळ्यात मी बेसा रस्त्याकडच्या एका ले-आउटमध्ये घर बांधायला घेतले. अंगणात चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल अशी जमिनीखालची टाकी घेतली. तळ आणि भिंती ओतून झाल्या होत्या, वरचा स्लॅब बाकी होता. मृग कोरडा गेला होता, पण आर्द्रा लागताना मी ठेकेदाराला टाकी अर्धी भरून ठेवायला सांगितले. साडू त्या दिवशी काम पाहायला आले होते. ते शाळेत भूगोल शिकवत, वयाने आणि मानाने मोठे, आणि घराला त्यांनी हातउसने पैसेही दिले होते. ते म्हणाले, "अहो, पाणी भरून ठेवले तर आतून प्लास्टर कधी करणार? वीस टनांचे काँक्रीट आहे ते, कागदाची होडी नाही." मी गप्प बसलो. अभियंत्याने गप्प बसू नये त्या जागी गप्प बसलो, ही चूक माझीच.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला. नागपूरकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून उकलते. त्या भेगांतून आणि टाकीच्या कडेने टाकलेल्या सैल भरावातून पाणी सरळ तळाशी उतरले आणि तिथेच कोंडले. चौथ्या दिवशी सकाळी गवंड्याने निरोप पाठवला की टाकी वर आली आहे. मी पाणसळीची नळी लावून पाहिले, तर एक कोपरा चार इंच वर आणि समोरचा अडीच इंच. खाली जाणारा पाइप सांध्यातून तुटला होता. गणित तिथेच पायरीवर बसून केले. भिंती आणि तळ मिळून वजन सुमारे 21 टन, आणि बाहेरचे पाणी एक मीटर चढले की बारा चौरस मीटरच्या तळाला खालून 12 टनांचा रेटा. म्हणजे पावणेदोन मीटर पाणी चढले की टाकी तरंगणार, मग ते काँक्रीट असो की लाकूड. भराव जवळजवळ काठापर्यंत भिजला होता. पाणी ओसरल्यावरही टाकी पूर्वीच्या जागी बसली नाही, कारण तळाखाली गाळ शिरला होता. साडू येऊन पाहून गेले आणि जमीन फुगली असेल म्हणाले. काळी माती फुगते हे खरे आहे, पण फुगलेली माती पाइप तोडून टाकीखाली दोन बोटांची पोकळी ठेवत नाही. मी त्या पोकळीत पट्टी घालून दाखवली होती.

हिमनदीखाली हेच घडते. तळाशी महत्त्वाची असते ती वजा-बाकी: बर्फाच्या वजनाचा दाब उणे पाण्याचा दाब. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे 92 टक्के असल्याने तीनशे मीटर बर्फाखालचे पाणी त्याच्या विवरांत 275 मीटर उंचीपर्यंत चढले की ही बाकी शून्यावर येते आणि बर्फ तरंगायला लागतो. त्याआधीच खडकाच्या उंचवट्यांमागे पाण्याने भरलेल्या पोकळ्या पसरू लागतात, बर्फाचा खडकाला होणारा स्पर्श कमी होतो आणि घसरण वाढते. स्वित्झर्लंडमधल्या फिंडेलेन हिमनदीत आल्मुट इकेन आणि रॉबर्ट बिंडशाडलर यांनी छिद्रे पाडून पाण्याची पातळी आणि पृष्ठभागाचा वेग एकाच वेळी मोजला. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांत पातळी चढली की वेग चढतो हे स्वच्छ दिसते. ग्रीनलंडमध्ये 2006च्या जुलैत बर्फावरचे एक तळे सुमारे दीड तासात तळाशी रिकामे झाले, तेव्हा जवळजवळ एक किलोमीटर जाडीचा बर्फ 1.2 मीटर वर उचलला गेला. माझी टाकी चार इंचच उचलली गेली होती.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. पाणी वाढले की वेग वाढतच जातो का? नाही. माझ्या नोकरीत पाइपचा व्यास आम्ही ठरवत असू. बर्फाखालचा पाइप आपला व्यास स्वतः ठरवतो. वाहत्या पाण्याच्या घर्षणाची उष्णता बर्फाच्या भिंती वितळवून बोगदा रुंद करते आणि वरचा बर्फ आपल्या वजनाने आत सरकून तो बुजवू पाहतो. हान्स र्‍योथलिसबर्गर यांनी 1972 साली या दोहोंचा समतोल मांडला, आणि त्यातून निघालेली गोष्ट मला आजही विलक्षण वाटते: प्रवाह स्थिर असेल तर मोठ्या बोगद्यात पाणी जास्त आणि दाब कमी असतो. बुजण्याचा वेगही सरळ प्रमाणात नसतो. ग्लेन यांच्या नियमाप्रमाणे ताण दुप्पट झाला की बर्फ सुमारे आठपट वेगाने विरूपतो, म्हणजे दाबाखाली आकार बदलतो, त्यामुळे हिवाळ्यात पाणी आटले की बोगदे मिटून जातात. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बोगदे अजून अरुंद असताना आलेले पाणी तुंबते, दाब चढतो आणि हिमनदी धावते. पुढे बोगदे मोठे झाले की त्याहून अधिक पाणी येऊनही तिचा वेग उतरतो. सरासरी पाण्यापेक्षा त्यातले चढउतार महत्त्वाचे, हे ख्रिश्चन शूफ यांनी 2010 साली गणिताने दाखवले. पहाटे व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जुने सांधे का फुटतात हे ज्याने पाहिले आहे त्याला ते वेगळे सांगावे लागत नाही.

साडूंचा आणखी एक आवडता पुरावा म्हणजे चंद्रपूरजवळच्या इरई गावचे ओरखडे. तिथे पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने काढलेल्या समांतर रेघा आहेत. भूवैज्ञानिक फेडन यांनी 1870च्या दशकात त्यांची नोंद केली. आम्ही दोघे तिथे एकदा एकत्र गेलो होतो आणि साडू त्या रेघेवर बोट फिरवत म्हणाले, "बघा, वजनाची करामत." वास्तविक मऊ बर्फाला चुनखडक खरवडता येत नाही, ते काम त्यात रुतलेले दगड करतात, आणि तेही बर्फ खडकावरून सरकत असेल तरच. तळाशी गोठून चिकटलेला बर्फ अशा रेघा ओढत नाही. म्हणजे ती रेघ तिथे एके काळी पाणी असल्याचाच दाखला आहे. हे मी त्यांना तिथेच सांगितले आणि परतीच्या वाटेवर नागपूर येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

काही मर्यादा सांगायला हव्यात. हे सर्व तळ वितळणबिंदूवर असेल तरच खरे आहे. तळाशी खडकाऐवजी गाळ असेल तर पाण्याने फुगलेला गाळच विरूपून वरच्या बर्फाला वाहून नेतो, आणि तिथे पोकळ्यांचा हिशेब बदलतो. टाकीची उपमाही एका जागी लंगडी पडते, कारण काँक्रीट कडक असते आणि बर्फ हळूहळू पोकळी भरून काढतो. गंगोत्रीलाही हेच तत्त्व लागू आहे, मात्र तिच्या खालच्या भागावर दगडमातीचे आवरण जाड असल्याने तिथले वितळणे मंदावते, म्हणून ग्रीनलंडचे आकडे तिथे जसेच्या तसे चिकटवू नयेत. फेब्रुवारी 2021मधली चमोलीची दुर्घटनाही कृपया यात गोवू नये. ती रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ कोसळून झाली होती. घरच्या व्हॉट्सॲप समूहावर साडूंनी त्या दिवशी "बर्फ वजनाने वितळला" असेच लिहिले होते, त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, ते इथे दिले आहे.

आपण घर बांधत असाल, तर स्लॅब पडून भराव पक्का होईपर्यंत जमिनीखालची टाकी पावसाळ्यात निदान अर्धी भरून ठेवावी आणि तळाशी दाब सुटायला एक नळी सोडावी. प्लास्टर दिवाळीनंतर होते. पैसे उसने देणाऱ्याने काहीही सांगितले तरी.