‘गेम काढून टाकशील म्हणून सांगितले नाही’

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. गेमच्या चॅटमध्ये ओळख झालेल्या एका ‘मित्रा’ने फुकट नाणी देतो असे सांगून त्याच्याकडे पूर्ण नाव, शाळेचे नाव आणि माझ्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला. नाव आणि शाळा त्याने सांगून टाकली. मोबाइल माझ्याजवळ होता म्हणून ओटीपी तेवढा वाचला. मला हे चार दिवसांनी कळले. ‘‘का सांगितले नाहीस?’’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘तू गेम काढून टाकशील म्हणून.’’ आम्ही गेम काढून टाकला आहे. आता पुढे काय करावे? (एक आई)

उत्तर : मुलाने तुम्हाला खरे कारण सांगितले आणि गेम काढून टाकून तुम्ही त्याचा अंदाज बरोबर ठरवला. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. घाबरलेल्या पालकाचा हात आधी तिथेच जातो. मात्र पुन्हा असे काही घडले, तर निदान चार दिवसांनी तरी तो तुमच्यापाशी येईल का, याचा विचार करावा. म्हणून आधी त्याला स्पष्ट सांगा की चूक त्या माणसाची आहे, आणि अशी गोष्ट तू येऊन सांगितलीस म्हणून गेम किंवा मोबाइल हिसकावून घेतला जाणार नाही. हे वचन दिले, तर ते पाळावेही लागेल.

मग गेम पुन्हा घ्यावा आणि दोघांनी शेजारी बसून पुढची कामे करावीत. झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आधी घ्यावेत, त्यानंतर गेममध्येच तक्रार नोंदवावी आणि ब्लॉक सर्वांत शेवटी करावे, कारण ब्लॉक केल्यावर काही ठिकाणी जुने संभाषण दिसेनासे होते. पासवर्ड बदलावा, चॅट बंद करावे आणि खेळाडूच्या नावात खरे नाव किंवा जन्मवर्ष असेल तर तेही बदलून घ्यावे. शाळेचे नाव बाहेर गेले आहे, तेव्हा वर्गशिक्षकांच्या कानावर ही गोष्ट घातलेली बरी.

आता शिकवण्याविषयी. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे आपण सगळेच म्हणतो, पण आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे अनोळखी माणूस म्हणून कोणी तरी भीतिदायक, मोठा माणूस उभा राहतो. ज्याच्याबरोबर तो आठवडाभर खेळला आणि ज्याने त्याला हरता हरता दोनदा वाचवले, तो त्याच्या लेखी मित्रच असतो. म्हणून माणूस ओळखायला शिकवण्यापेक्षा मागणी ओळखायला शिकवावे. पासवर्ड किंवा ओटीपी, स्वतःचा फोटो, घर-शाळेचा पत्ता आणि ‘घरी कोणाला सांगू नकोस’ हे वाक्य, यांपैकी काहीही समोर आले की खेळ थांबवून मोठ्यांकडे यायचे, मग मागणारा कोणीही असो. यातले शेवटचे वाक्य माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ज्याला मुलाचे भले करायचे आहे त्याला घरच्यांपासून लपवण्याचे काही कारण नसते. एखाद्या संध्याकाळी तुम्ही तो ‘मित्र’ व्हा, लाडीगोडी लावा, नाणी देऊ करा, आणि मुलाला नकार देण्याचा सराव करू द्या. नुसते ऐकलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही. तोंडातून दहादा गेलेले आठवते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात ना संगणक, ना टॅब. मग इंटरनेटवर विचारपूर्वक वागायला मुलांना कसे शिकवावे? (एक शिक्षिका)

उत्तर : पडदा नसलेला वर्ग यासाठी अधिक सोयीचा आहे, असे मी म्हणेन, कारण पडदा समोर असला की मुले ऐकत नाहीत.

फळ्यावर एक चित्र काढा : गणवेशातली मुलगी, खिशावर शाळेचे बोधचिन्ह, मागे दुकानाची पाटी, हातात ‘८’ आकड्याचा फुगा, आणि खाली ओळ, ‘आता रोजच्यासारखी पाच वाजता नाचाच्या वर्गाला!’ मुलांना सांगा की तुम्ही हेर आहात, या मुलीबद्दल काय काय कळले ते शोधा. शाळा, वय, राहण्याचा परिसर, रोज पाच वाजता ती कुठे असते, हे सगळे मुले भराभर सांगतात. मग एखादे मूल हळूच म्हणते, ‘‘बाई, पण तिने तर यातले काहीच सांगितले नव्हते.’’ तिथे तुम्ही बोलू नका, वर्गालाच बोलू द्या.

दुसरा खेळ त्याहून सोपा आहे. फळ्यावर ‘वा, फारच हुशार आहेस!’ एवढेच लिहा आणि दोघांना ते वाचायला लावा, एकाला मनापासून शाबासकी देताना आणि दुसऱ्याला टोमणा मारताना. शब्द तेच राहतात, बदलतो तो आवाज आणि चेहरा, आणि मेसेजमधून नेमके तेच दोन्ही गळून पडतात. ग्रुपवर थट्टेत लिहिलेल्या ओळीने कोणी का दुखावते आणि लिहिणाऱ्याला ते का समजत नाही, हे मुलांना एवढ्यावरून उमगते. पाठवण्यापूर्वी मेसेज एकदा मोठ्याने वाचण्याची सवय इथूनच लावता येईल.

जाहिरातींबाबत मात्र वयाचे भान ठेवावे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा, आपले मन वळवण्याचा हेतू ओळखता येत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांकडून खरे-खोटे पारखण्याची अपेक्षा करणे म्हणूनच फारसे योग्य नाही. तिसरी-चौथीत ‘हा व्हिडिओ कोणी बनवला आणि आपण तो पाहिल्याने त्याला काय मिळते?’ हा प्रश्न मुले आवडीने सोडवतात.

प्रश्न : खाते उघडण्यासाठी बहुतेक ठिकाणी १३ वर्षांची अट का असते? जन्मवर्ष बदलून टाकले तर काय बिघडते? (एक वाचक)

उत्तर : ही अट मुख्यतः अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली. १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करता येणार नाही, असे तो सांगतो. तेराव्या वर्षी मूल शहाणे होते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. जन्मवर्ष खोटे भरले की ते खाते मोठ्या माणसाचे समजले जाते आणि लहानांसाठी असलेली बंधने त्याला लागू होत नाहीत. शिवाय खोटे कसे भरावे, हे मुलाला आपणच शिकवलेले असते.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणते, ‘‘बाबा, माझे फोटो टाकत जाऊ नका.’’ फोटो आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर असतात. तिचे ऐकावे का? (एक वडील)

उत्तर : ऐकावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील सोळावे कलम मुलांना खासगीपणाचा हक्क देते, आणि डिजिटल जगातील बालहक्कांविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भाष्यात पालकांनी टाकलेल्या फोटोंमुळेही या हक्काला धोका पोहोचू शकतो, असा स्पष्ट उल्लेख आहे. पण करार बाजूला ठेवला तरी, पाठवण्यापूर्वी विचार करावा ही जी गोष्ट आपण मुलांना शिकवू पाहतो, ती तुमच्या मुलीला आधीच कळलेली दिसते. आतापर्यंत टाकलेले फोटो तिला शेजारी बसवून एकेक दाखवा. ज्याला ती ‘नाही’ म्हणेल तो कारण न विचारता काढून टाका, आणि यापुढे अगदी आजीला पाठवायचा झाला तरी आधी तिलाच विचारा.