डॉट कॉम आणि घरचा पत्ता

प्रश्न : मी चिपळूणला घरूनच लहान मुलांचे कथाकथनाचे ऑनलाइन वर्ग घेते. त्यासाठी एक डॉट कॉम नाव घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ‘मॅडम, वेबसाइट बनवून देऊ का?’ असे फोन सुरू झाले. परवा तर एकाने घरचा पत्ताच वाचून दाखवला. ही माहिती बाहेर गेली कशी? खोटा पत्ता घालून ठेवू का? आणि हे नियम ठरवताना माझ्यासारखीला कोणी विचारतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, खोटा पत्ता अजिबात घालू नका. ही नावं विकणारे विक्रेते ‘आयकॅन’ या, इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या करारानं बांधलेले असतात. जाणूनबुजून खोटी माहिती दिली, किंवा तिच्याबद्दलच्या चौकशीला 15 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर नाव रद्द होऊ शकतं. आधी ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग’वर जाऊन आपल्या नावापुढे काय दिसतंय ते पाहा. घरचा पत्ता दिसत असेल तर विक्रेत्याला तो झाकायला सांगा. ‘संस्था’ हा रकाना मात्र रिकामा ठेवा. तिथे स्वतःचं नाव लिहिलंत तर बाकी सगळं झाकूनही ते उघडं राहू शकतं.

मी पुण्यात बरीच वर्षं डोमेन, म्हणजे अशी वेबसाइटची नावं, विकली. तेव्हा ‘हूइज’ नावाच्या यादीत मालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल सगळं उघडं असायचं. नव्या नावांच्या याद्या विकत घेऊन फोन फिरवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालायचा. सामान्य वापरकर्त्यांची बाजू मांडणारे लोक आयकॅनमध्ये वर्षानुवर्षं याविरुद्ध भांडले. ट्रेडमार्कवाले वकील आणि पोलीस यंत्रणा यादी उघडीच हवी म्हणत राहिल्या. फसव्या साइटमागचा माणूस शोधावा लागतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्यासाठी कारण देऊन विक्रेत्याकडे माहिती मागता येते, अख्ख्या जगाला तुमचं दार दाखवावं लागत नाही. शेवटी यादी झाकली गेली ती युरोपच्या, खासगी माहिती जपणाऱ्या कायद्यामुळे. तो 25 मे 2018 ला लागू झाला आणि जबर दंडाच्या भीतीने आयकॅनने जेमतेम आठवडाभर आधी तात्पुरता नियम केला. त्यात युरोपातल्या माणसाची माहिती झाकणं सक्तीचं, बाकीच्यांचं विक्रेत्याच्या मर्जीवर. म्हणून चिपळूणचा पत्ता दिसू शकतो, पॅरिसचा नाही. मला हे अजूनही खटकतं.

आता विचारण्याबद्दल. 2000 साली आयकॅनच्या संचालक मंडळावरचे पाच जण इंटरनेट वापरणाऱ्यांनी थेट मतदानाने निवडले होते. दोन वर्षांत ती पद्धत गुंडाळली. आज सामान्य वापरकर्त्यांच्या गटाकडे मंडळावर मताधिकाराची एकच जागा आहे. तरी दार पूर्ण बंद नाही. 2015 मध्ये धंद्यासाठी साइट चालवणाऱ्यांना पत्ता झाकायची सोय मिळू नये, असा एक प्रस्ताव आयकॅनमध्ये पुढे आला होता. तो पास झाला असता तर तुमचा वर्गही त्यात सापडला असता, कारण तुम्ही फी घेता. त्यावर हजारो हरकती गेल्या, बऱ्याचशा एकाच साच्यातल्या. वर्षअखेरच्या अंतिम अहवालात ती बंदी नव्हती.

अशी हरकत कोणालाही पाठवता येते, फुकट. बिगरव्यापारी वापरकर्त्यांच्या गटाचं सभासदत्वही मोफत आहे. तुम्ही फी घेत असल्यामुळे तुम्हाला मात्र आशिया-पॅसिफिकचा ‘अ‍ॅट लार्ज’, म्हणजे सामान्य वापरकर्त्यांचा गट जास्त जवळचा. बैठकांना प्रवेशशुल्क नसतं आणि घरबसल्याही भाग घेता येतो. नोव्हेंबर 2016 ची बैठक हैदराबादला होती. ती संपायच्या आदल्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली, तेव्हा परदेशी पाहुण्यांना भारतातल्या धोरणनिर्मितीचा वेगही बघायला मिळाला! अडचण भाषेची आहे. ‘डॉट भारत’मध्ये देवनागरीत नाव घेता येतं, पण या चर्चा बहुतेक इंग्रजीतच चालतात.

डॉट इनचं खातं वेगळं. त्याचे नियम दिल्लीत ‘निक्सी’ ही भारतीय संस्था करते, आयकॅन नाही. त्यामुळे पुढचं नाव डॉट इन घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : माझ्या माहितीतलं काय काय बाहेर दिसेल? उत्तर लेखी घ्या.