लॅमिनेट ओळखीचं, शेअर कुणाचा?

प्रश्न थोडक्यात: वय ४६, भोसरीतल्या पीसीबी (सर्किट बोर्ड) कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. तळेगावचा प्लॉट विकून १४ लाख आले आहेत. अमेरिकेतल्या पार्क कंपनीचं नेल्को लॅमिनेट (बोर्ड ज्यापासून बनतो तो शीट) वीस वर्षं हाताळतोय, माल अव्वल. कंपनी ७० वर्षं जुनी, कर्ज नाही, डिव्हिडंड कधी चुकवलेला नाही. सगळे पैसे तिच्या शेअरमध्ये घालू का? मुलगी अकरावीत आहे, इंजिनिअरिंगला जाईल म्हणते.

उत्तर:

तुमच्या पत्रातली ‘त्यांचा माल मी रोज हाताळतो’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कारण तो माल आता त्यांचा राहिलेला नाही. पार्कने सर्किट बोर्डाच्या मटेरियलचा अख्खा धंदा डिसेंबर २०१८ मध्ये जपानच्या एजीसीला, म्हणजे पूर्वीच्या असाही ग्लासला, १४.५ कोटी डॉलर रोख घेऊन विकला. नेल्को हे नावही त्याबरोबर गेलं. तुमच्या स्टोअरमध्ये आज जो शीट येतो त्याचा नफा टोकियोला जातो. (आपल्याकडची टाटांची नेल्को वेगळी, जुन्या रेडिओ-टीव्हीवाली. घाईत तिचा शेअर घेऊ नका म्हणजे झालं.)

तुम्ही इतिहासावर भिस्त ठेवली आहे म्हणून तो जरा नीट सांगतो. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला जेरी शोर आणि अँथनी किएसा यांनी नेमप्लेट बनवायला ही कंपनी काढली. पुढे न्यू इंग्लंड लॅमिनेट्स ही कंपनी तिच्याकडे आली, तिच्याच आद्याक्षरांवरून ‘नेल्को’. इंटरनेटच्या तेजीत विक्री वर्षाला ५० कोटी डॉलरच्या आसपास गेली आणि टेलिकॉमचा फुगा फुटल्यावर दोन-तीन वर्षांत निम्म्याच्याही खाली आली. बोर्ड बनवणारे कारखाने अमेरिका-युरोपातून आशियाकडे सरकले, हे तुम्हाला मी काय सांगणार. पार्कने कॅन्सासमधल्या न्यूटनला विमानांच्या कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या मटेरियलचा, कारखाना टाकला आणि शेवटी तेवढाच ठेवला. २०१९ पासून नाव पार्क एरोस्पेस.

तुम्हाला वाटेल, प्रीप्रेग ते प्रीप्रेगच. काही अंशी खरं आहे. प्रीप्रेग म्हणजे तंतूंचं कापड रेझिनमध्ये भिजवून अर्धवट पिकवायचं, ही रीत दोन्हीकडे तीच, म्हणून तर कंपनीला ही उडी मारता आली. पण तुमचं काचकापडाचं प्रीप्रेग कोरडं, कडक. विमानाचं बहुतेक कार्बनचं, हाताला चिकटणारं, फ्रीझरमध्ये ठेवावं लागणारं. त्याहून मोठा फरक गिऱ्हाइकात आहे. बोर्डाचं मटेरियल तुम्ही उद्या बदलू शकता. विमानाच्या भागासाठी एकदा मंजूर झालेलं मटेरियल बदलायचं तर चाचण्यांना वर्षं जातात. त्यामुळे पार्कचं काम सहसा सुटत नाही. उलट बाजू अशी की विक्रीचा मोठा हिस्सा जीई एरोस्पेसच्या इंजिनांभोवतीच्या कवचांशी बांधलेला आहे, आणि त्यात एअरबसच्या ए३२०निओ विमानाच्या लीप-१ए इंजिनाचा वाटा मोठा. विमानांची मागणी घटली की हीही बसते. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात विक्री ६ कोटी डॉलर होती, पुढच्या कोविडच्या वर्षात ४.६ कोटी झाली. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात ती ६.२ कोटीवर आली. म्हणजे पाच वर्षांनी कंपनी होती तिथेच परत. एकेकाळच्या ५० कोटींशेजारी हा आकडा ठेवून बघा. ७० वर्षांचा अनुभव म्हणून तुम्ही जे विकत घेताय, त्यातला बराचसा विकून टाकलेल्या धंद्याचा आहे.

डिव्हिडंडचं मात्र तुमचं बरोबर आहे. १९८५ पासून नियमित डिव्हिडंड चुकलेला नाही आणि कंपनीवर दीर्घ मुदतीचं कर्जही नाही. विक्रीचे पैसे आल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी शेअरमागे ४.२५ डॉलरचा खास डिव्हिडंड वाटला. पैसा आला की वाट्टेल त्या कंपन्या विकत घेत सुटणाऱ्यांपेक्षा ही मंडळी मला आवडतात. पण भारतात बसून त्यातलं हातात किती पडतं? अमेरिकेत आधी २५ टक्के कापले जातात. इथे तुमच्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ते उत्पन्न धरतात, तिथल्या कराचं क्रेडिट मिळतं आणि वरचा फरक तुम्ही भरता. ४.२५ डॉलरचे साधारण २.९० उरतात. शिवाय खास डिव्हिडंड दिला की शेअरचा भाव जवळपास तितकाच खाली येतो, म्हणजे आपलेच पैसे कर कापून आपल्याला परत. तेच पैसे शेअरमध्ये राहिले असते आणि दोन वर्षांनंतर तुम्ही तो विकला असता, तर फक्त नफ्यावर १२.५ टक्के कर लागला असता. डिव्हिडंडसाठी परदेशी शेअर घेणं मला म्हणूनच पटत नाही.

१४ लाख एकदम पाठवले तर १० लाखांच्या वरच्या ४ लाखांवर बँक २० टक्के, म्हणजे ८० हजार टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापेल. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. डॉलरच्या भावातलं बँकेचं मार्जिन आणि पाठवणीचा खर्च वेगळा. आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, दरवर्षी भरायचं, शेअर एक असो की हजार.

तेव्हा सगळे १४ लाख घालू नका. दोन वर्षांत मुलीची पहिली फी भरायची आहे, आणि कॉलेज काही शेअरचा भाव चढेपर्यंत थांबणार नाही. ८ लाख तिच्या नावाने बाजूला काढा आणि फीच्या तारखा बघून दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या एफडीत वाटा. पार्कची हौस असेलच तर १ लाख घाला, त्यापुढे नाही. तेही लीप इंजिनाच्या ऑर्डरींची बातमी वाचायची सवय लावून घेणार असाल तरच. लॅमिनेट हाताळण्याचा इथे काही उपयोग नाही.

उरले ५ लाख. त्यांच्याबद्दल आज काही सांगत नाही, कारण प्लॉटच्या नफ्यावरचा कर भरून हे १४ उरलेत की अजून भरायचाय, हे पत्रात नाही. भरायचा असेल तर ते ५ लाख खरोखर किती आहेत ते आधी सीएकडून काढून घ्या. खरेदीची तारीख, खरेदीखतातली रक्कम आणि विक्रीची रक्कम कळवलीत तर पुढचं बोलू.